खोकणारी शेव्हेल आणि घासलेला खिळा

काका,

सादर नमस्कार.

तुम्ही कोल्हापूरला परत गेलात त्याला महिना होऊन गेला. माझी गाडी बरी केल्याबद्दल फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही "त्यात काय, चहा पाजलासा की" म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. शिवाय एक कबुली द्यायची आहे, आणि ती चारचौघांतच द्यायला हवी.

डेट्रॉईटच्या आसपास राहून जुन्या गाडीचा नाद न लागणं म्हणजे तालमीच्या दारात राहून एकही जोर न काढण्यासारखं आहे. माझी १९७० ची शेव्हेल, म्हणजे शेव्हरोलेची जुनी गाडी. ४५४ घनइंची, ४५० हॉर्सपॉवरची ती प्रसिद्ध एलएस-६ इंजिनवाली नव्हे. ती घ्यायची तर राहतं घर विकावं लागेल. माझी साधी ३५० घनइंचाची, म्हणजे ५.७ लिटर. बॉनेट उघडल्यावर तुम्ही मनातल्या मनात भागाकार केलात आणि म्हणालात, "जवळजवळ चार ॲम्बॅसडर बसतील की यात!"

दुखणं तुम्हाला पहिल्या दिवशी नीट सांगता आलं नव्हतं. सिग्नल सुटला, डावीकडे वळायचं, समोरून गाड्या येतायत, आणि पाय दाबला की अर्धा सेकंद काहीच नाही. मग हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरमधून एक खोकला, एक गचका, आणि त्यानंतर गाडी सुसाट. इथे डावीकडे वळणं म्हणजे समोरच्या रहदारीला आडवं जाणं. त्या अर्ध्या सेकंदात बायकोने डॅशबोर्ड किती वेळा घट्ट धरला, हे तिलाच विचारा.

तोवर मी प्लग बदलले होते, वायरी बदलल्या होत्या, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, पेट्रोलचा पंपसुद्धा. थंडीत कार्बोरेटर खोलून, धुऊन, नवं किट घालून बसवला होता. दर वेळी पार्टच्या दुकानात कुणीतरी ठामपणे सांगायचं की हेच असणार, आणि दर वेळी मी पैसे मोजायचो.

तुम्ही कशालाच हात लावला नाहीत. आधी विचारत बसलात. हळू दाबल्यावर होतं का? नाही. गरम इंजिनवर? हो. गाडी जागेवर उभी असताना झटक्यात रेस दिली तर? तेव्हाही होतं. धूर काळा येतो का? नाही. मग म्हणालात, "खोकतीय म्हणजे उपाशी हाय. पोट फुगलं असतं तर काळं ओकली असती." दोन वर्षांत जे मला कळलं नव्हतं, ते एवढ्यात आलं: त्या क्षणी पेट्रोल कमी पडतंय.

तरीही कार्बोरेटरकडे सरळ गेला नाहीत. "निम्मी कार्बोरेटरची दुखणी करंटमध्ये असत्यात" म्हणत प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवरच्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सची (इंजिनच्या ओढीवर ठिणगीची वेळ पुढे सरकवणाऱ्या डबीची) नळी काढलीत, तोंडात धरून हवा ओढलीत आणि टोकावर जीभ ठेवलीत. जीभ चिकटून राहिली, म्हणजे आतला पडदा फाटलेला नाही. माझ्या मुलीने हे पाहून "ईऽऽ" केलं. माझ्या कपाटात याच कामाचा हातपंप पडून आहे, हे मी तेव्हा बोललो नाही.

मग एअर क्लीनर काढायला लावलात आणि इंजिन बंद ठेवून, बॅटरीच्या उजेडात वरून आत बघत हाताने थ्रॉटल, म्हणजे पायाने उघडते ती झडप, ओढलात. पुन्हा ओढलात. मग मला बघायला सांगितलंत. थ्रॉटल जरा हलला, काही नाही. अजून हलला, काही नाही. अर्ध्यावर गेल्यावर पेट्रोलच्या दोन धारा आल्या, त्याही बारीक. "तुझा अर्धा सेकंद इथं हाय बघ."

आणि मग टूलबॉक्सवर बसून तुम्ही मुलीला जे सांगितलंत ते मी अभियंता असून इतकं सोपं कधी सांगू शकलो नसतो. झडप एकदम उघडली की हवा धावत येते, कारण ती हलकी. पेट्रोल जड, ते मागे राहतं. शिवाय मॅनिफोल्डमधली, म्हणजे इंजिनकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधली, ओढ एकदम कमी होते आणि वाटेतलं थोडं पेट्रोल भिंतींनाच चिकटतं. तेवढ्यापुरती पिचकारी मारायला ॲक्सिलरेटर पंप. तुमचं आयुष्य सोलेक्स कार्बोरेटरमध्ये गेलं, तिथे पंप पडद्याचा; माझ्या गाडीच्या क्वाड्राजेट कार्बोरेटरमध्ये दट्ट्याचा. जुन्या मॉरिस मायनरच्या एसयू कार्बोरेटरमध्ये पंपच नाही, वरच्या नळीत तेल घालायचं असतं आणि ते आटलं की ती गाडी अशीच अडखळते, हेही त्यातच आलं. मुलगी अजून सगळ्यांना विचारत असते, "तुमच्या गाडीला पिचकारी आहे का?"

आता कबुली. पंपाच्या लिव्हरला दोन भोकं असतात. थ्रॉटलकडून येणारी सळई आतल्या भोकात घातली की दट्ट्याला जास्त चाल मिळते, बाहेरच्या भोकात कमी. थंडीत जोडताना मी ती बाहेरच्या भोकात घातली होती. माझ्या गाडीला आतलं भोक हवं होतं. शिवाय लिव्हर आणि दट्ट्याच्या मध्ये फट राहिली होती, म्हणून सुरुवातीची चाल फुकट जायची. म्हणजे सगळी कसर माझ्या हातची. तुम्हाला ते पाहताक्षणी कळलं. तेव्हा गॅरेजात माझी बायको होती, तुमचा मुलगा होता, शेजारचे दोघे बिअर घेऊन उभे होते. तुम्ही एवढंच म्हणालात, "सळई सरकलीय जरा." काका, ती सळई सरकत नाही. टोकाला वाकवून अडकवलेली असते. हे मला ठाऊक आहे, तुम्हालाही होतं.

लिव्हरची पिन इतकी बारीक की माझ्या महागड्या सेटमधला एकही पंच बसेना. तुम्ही एक खिळा मागितलात, ग्राइंडरवर घासलात आणि पिन हळूच आत सरकवलीत, पूर्ण बाहेर न काढता. मग लिव्हर जरा वाकवून फट घालवलीत. आता थ्रॉटल हलताक्षणी धार. खर्च एक खिळा.

पूर्ण पाय दाबल्यावर आणखी एक गचका बसायचा, तो मात्र तसाच होता. तो वेगळा आहे हे तुम्हीच ओळखलंत. या कार्बोरेटरची पुढची दोन तोंडं लहान, मागची दोन सव्वादोन इंचांची. मागच्यांवरची हवेची झडप स्प्रिंगवर असते. स्प्रिंग सैल पडली तर ती भसकन उघडते आणि पुन्हा तोच उपवास. असला कार्बोरेटर तुम्ही आधी पाहिलेला नव्हता. बोटाने झडप दाबून पाहिलीत, "ही लई मऊ हाय" म्हणालात, मला ॲलन की शोधायला पाठवलंत. पाव फेरा आवळला, रस्त्यावर एक चक्कर. अजून थोडा, अजून एक चक्कर. एका वेळी एकच बदल, यावर तुम्ही अडून बसला होतात आणि मला घाई झाली होती.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, तिथे तुम्ही शेजारी बसला होतात. एकाही सिग्नलला गाडी खोकली नाही. तुमचं लक्ष मात्र बाजूच्या लेनमधल्या ट्रकच्या आवाजाकडे. "त्याचा एक प्लग मेलाय, सांगू का त्याला?"

खिळा मी जपून ठेवलाय, पंचांच्या सेटमध्ये, रिकाम्या खोबणीत. घरात सगळ्यांना त्या सळईचं खरं सांगून टाकलं. बायको म्हणाली, तिला तेव्हाच कळलं होतं.

आणि हो, इथे आता सकाळी थंडी पडायला लागली आहे. चोक, म्हणजे थंड इंजिनला हवा कमी देणारी झडप, वेळेवर उघडत नाहीये, दहा मिनिटं काळा धूर येतो. या वेळी पोट फुगलंय, एवढं मी ओळखलं. अजून कशाला हात लावलेला नाही. रविवारी तुमच्या संध्याकाळच्या चहाच्या वेळी व्हिडिओ कॉल करतो.

तुमचा,
शेव्हेलवाला