महालातला जिना, अंबाझरीचं पाणी

नागपूर, १८ मे

प्रिय बंड्या,

फुटाळा तलावावर आपलं बोलणं अर्धवट राहिलं, ते काही मनातून जात नाही. तू म्हणालास, "जोडून केलेला फोटो म्हणजे बघणाऱ्याची फसवणूक." तुझ्या कामापुरतं ते अगदी खरं. पुराच्या फोटोत पाणी वाढवून पेपरात छापणं हे पापच. पण मी दोन निगेटिव्ह जोडून एक फोटो छापतोय ते तसलं नव्हे, आणि हे सांगायचं तर अमेरिकन छायाचित्रकार जेरी युल्समनबद्दल लिहावंच लागेल.

जन्म १९३४ चा, डेट्रॉईटचा. १९६० पासून फ्लोरिडा विद्यापीठात शिकवायचा. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्याचं एकट्याचं प्रदर्शन लागलं. ॲन्सेल ॲडम्ससारख्या दिग्गज छायाचित्रकारांची शिकवण अशी, की बटण दाबण्याआधीच छापलेला फोटो मनात तयार हवा. युल्समन म्हणे, कॅमेऱ्यातून येतो तो कच्चा माल, चित्र नंतर डार्करूममध्ये, म्हणजे फोटो छापायच्या अंधाऱ्या खोलीतही, सुचू शकतं. याला त्याचा शब्द 'पोस्ट-व्हिज्युअलायझेशन'. त्याच्या डार्करूममध्ये एन्लार्जरची, म्हणजे निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर पाडणाऱ्या यंत्रांची, रांगच होती. प्रत्येकात वेगळी निगेटिव्ह. एकच कागद याच्याखालून त्याच्याखाली न्यायचा, नको तो भाग झाकायचा. १९६९ चं त्याचं एक चित्र आहे, त्यात झाडं मुळांसकट पाण्यावर अधांतरी आहेत. फोटोशॉप १९९० मध्ये आलं, तरी याचा जीव डार्करूममध्येच रमला. २०२२ मध्ये गेला, ८७ वर्षांचा होऊन. आणि ही टूम त्याची एकट्याची नव्हे. ऑस्कर रेयलँडरनं १८५७ मध्येच तीसेक निगेटिव्ह जोडून एक भलंमोठं चित्र केलं होतं.

माझ्याकडे एन्लार्जर दोनच. दुसरा, सीताबर्डीतला एक स्टुडिओ बंद झाला तेव्हा भंगारात जाता जाता मिळाला.

महाल भागातल्या आमच्या वाड्याचा जिना तुला आठवतो ना? मधल्या पायऱ्या झिजून खोलगट झालेल्या. वाडा पडायच्या आधी मी त्याचा एक रोल काढून ठेवला होता. परवा ती निगेटिव्ह पहिल्या एन्लार्जरला लावली, आणि दुसऱ्याला अंबाझरीचं पहाटेचं पाणी. जिना उतरत उतरत तलावात जातो, शेवटच्या दोन पायऱ्या पाण्याखाली. असं काही करायचं ठरवलं नव्हतं. दोन्ही रोलच्या कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे सगळ्या निगेटिव्ह छोट्या आकारात एकत्र छापलेले कागद, शेजारी पडल्या होत्या, आणि पायरीची कड नि पाण्याची रेघ एका ओळीत आली.

सुचायला क्षण लागला, छापायला चार रात्री. कागदावर चित्र उमटवणारं रसायन, डेव्हलपर, २० अंशांवर पाहिजे आणि इथे रात्री अकरालाही टाकीच्या पाण्यात हात घालवत नाही. बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ट्रेखालच्या परातीत ठेवला, थर्मामीटर हातात धरून बसलो. कूलर लावता येत नाही, धूळ उडते. खरी मेख सांध्यात आहे. पुठ्ठा कागदापासून वर धरून सारखा हलवत ठेवायचा, म्हणजे कड विरघळते. हात जरा थांबला की पांढरी नाहीतर काळी रेघ उमटलीच. अकरा कागद वाया गेले. बाराव्याला लाल दिव्याखाली ट्रेमध्ये आधी कठडा आला, मग पायऱ्या, मग सावकाश पाणी वर चढलं, आणि रेघ कुठेच नव्हती. बंड्या, मी कागद हायपोत, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या रसायनात, टाकायचं विसरून बघतच राहिलो.

सकाळी आईला दाखवला. तलाव जिन्यात कसा आला, हे तिनं विचारलंच नाही. बराच वेळ फोटो हातात धरून बसली आणि म्हणाली, "अन् तुळस कुठे गेली रे? जिन्यापाशी होती ना."

मी तिला फसवलं असतं, तर तिनं तुळस शोधली असती का?

माझ्या रोलमध्ये वृंदावन कुठेच नाही. पण ताईच्या लग्नात तू अंगणात उभा राहून त्याचा एक फोटो घेतला होतास, पणती लावलेली, मागे भिंत. तुझ्याकडे निगेटिव्ह फाइल करून ठेवलेल्या असतात, हीपण असेल. स्कॅन नको, निगेटिव्हच पाठव, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, स्पीड पोस्टानं. चरा पडू देणार नाही. पावसाळा लागायच्या आत मिळाली तर बरं, नंतर दमटपणात कागद टिकत नाही.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. आई तुझी आठवण काढते.

तुझाच,
राजू