कुशीवर

श्टुटगार्ट,
१६ नोव्हेंबर

ती. आबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

मी मजेत आहे. आई, थंडी आहे, पण घरात हीटर असतो. भात, डाळ, दही सगळं मिळतं. फोनवर गाल बसलेले दिसतात ते कॅमेऱ्यामुळं. रात्रपाळ्या महिन्यात पाच-सहाच असतात, त्यामुळं झोप मिळत नाही हे मनातून काढून टाक. कांदा-लसणाची चटणी अजून अर्धा डबा आहे.

आबा, हे पत्र खरं तुमच्यासाठी. दादा म्हणाला, गल्लीतला तो सावकार मेला तेव्हापासून तुम्ही पंधरा दिवस नीट जेवला नाही आणि तालमीकडं फिरकलाही नाही. फोनवर तुम्ही एवढंच विचारलंत, "मी त्याला हलवून बघितलं असतं तर वाचला असता का?" आणि फोन आईकडं दिलात. दोन मिनिटांत सांगण्यासारखं ते नव्हतं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून खोटं लिहिणार नाही.

तो कसा होता हे मला ठाऊक आहे. महिना दहा टक्क्यांनी माणसं नागवली, काकांचा मळा गिळला, बायकोला भर रस्त्यात मारलं. गल्ली म्हणतेय, सुंठीवाचून खोकला गेला. रात्री साडेदहाला तुम्ही कट्ट्यावरनं आलात तेव्हा तो पिऊन उताणा पडला होता आणि मोठ्यानं घोरत होता. तुम्ही मनात म्हणालात, पडू दे. सकाळी तो गार होता.

आधी त्या घोरण्याचं सांगते. घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय, असं सगळेच समजतात. दारूनं बेशुद्ध झालेला माणूस घोरतो तेव्हा त्याची श्वासाची वाट अर्धी बंद झालेली असते. उताणं पडलं की जीभ आणि खालचा जबडा मागं सरकतो, घसा अरुंद होतो आणि हवा घासत जाते, त्याचा तो आवाज. त्यात दारू मेंदूतलं श्वास चालवणारं केंद्र मंद करते. श्वास उथळ आणि विरळ होत जातो. मध्येच उलटी झाली तर आपल्याला ठसका लागतो, त्याला लागत नाही, आणि ती सरळ फुप्फुसात उतरते. शेवटचा घोट पोटात गेल्यावरही दारू अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून जास्त वेळ रक्तात मुरत असते. त्यामुळं साडेदहाला बरा वाटलेला माणूस साडेअकराला बरा असेलच असं नाही. लिंबूपाणी, काळी कॉफी, डोक्यावर बादली, कशानंही ती उतरत नाही. लिव्हर आपल्या चालीनं, तासाला साधारण तीस मिलीचा एक पेग एवढीच काढतं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतलं किंवा बोटं घालून उलटी काढायला गेलं, तर माणूस हातचा जातो.

तर उत्तर असं आहे, आबा. कुशीवर वळवून १०८ ला फोन केला असता तर तो वाचण्याची शक्यता होती. किती, ते पोस्टमॉर्टेमशिवाय कुणी सांगू शकत नाही. दारूच्या वासाआड डोक्याचा मार लपतो, साखर उतरलेली असू शकते, हृदयाचा झटकाही असू शकतो. पण शक्यता होती.

कुशीवर कसं वळवायचं ते लिहिते. हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नव्हतं, आणि ते सांगायला माझ्याशिवाय घरात कोण होतं? त्याच्या बाजूला गुडघ्यावर बसायचं. आपल्याकडचा त्याचा हात खांद्यातून काटकोनात बाहेर काढून कोपरात वाकवायचा, तळवा वर. पलीकडचा हात छातीवरून आणून त्याची मागची बाजू आपल्याकडच्या गालाला लावायची आणि तिथंच धरून ठेवायची. दुसऱ्या हातानं पलीकडचा गुडघा उचलून पाऊल जमिनीवर टेकवायचं. मग गुडघा आपल्याकडं ओढायचा. कंबर धरून ओढायला गेलात तर नव्वद किलोचा गडी हलणार नाही. गुडघ्यानं ओढलं तर तुमच्या वयातही एकट्याला जमतं, कारण मांडी पहारीसारखी चालते. वळल्यावर वरचा पाय कंबरेत आणि गुडघ्यात काटकोनात ठेवायचा, नाहीतर तो पालथा होतो. शेवटी डोकं मागं कलतं करून तोंड जमिनीकडं करायचं, म्हणजे आत काही असलं तर बाहेर वाहतं. डोक्याखाली उशी किंवा टॉवेलची गुंडाळी द्यायची नाही. मायेनं दिलेली उशीच मान मुडपते आणि वाट बंद करते. अंगावर पांघरूण मात्र हवं, दारूनं अंगातली ऊब लवकर जाते. आणि तिथून उठून जायचं नाही.

१०८ कधी? मोठ्यानं हाक मारून, खांद्याला चिमटा काढून डोळे उघडत नसला तर. मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास असले, दोन श्वासांत दहा सेकंदांपेक्षा जास्त खंड पडत असला, ओठ किंवा नखं निळसर पडली असली तर. श्वासच थांबला किंवा नुसते आचके येत असले (आचके म्हणजे श्वास नव्हे), तर पुन्हा उताणा करून छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायचं, पाच-सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, गाडी येईपर्यंत. आपल्याकडं कोल्हापुरात सीपीआर म्हटलं की छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आठवतं. या दाबण्यालाही सीपीआरच म्हणतात.

आता जो प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, तो. तिथं दुसरं कुणी पडलं असतं तर तुम्ही थांबला असता का? मला वाटतं, थांबला असता, आणि तेच तुम्हाला टोचतंय. ते टोचणं चूक आहे असं मी म्हणणार नाही. पण "मी मारला" असं आईजवळ म्हणालात, ते खरं नाही. दारू त्यानं घेतली. घोरण्याचा अर्थ तुम्हाला माहीत नव्हता. "पडू दे" हा विचार तुमचा होता, तेवढाच तुमच्या पदरात घ्या. तेवढाही जड आहे, मला माहीत आहे.

आणि त्या रस्त्यानं तुम्ही एकटे गेला नव्हता. १९६८ साली अमेरिकेत जॉन डार्ली आणि बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. शेजारच्या खोलीतल्या विद्यार्थ्याला फिट आल्याचा आवाज माणसाला ऐकवला. आपण एकटेच ऐकतोय असं वाटणाऱ्यांतले ८५ टक्के मदतीला उठले, आणखी चौघं ऐकतायत असं वाटणाऱ्यांतले फक्त ३१ टक्के. जे उठले नाहीत तेही निबर नव्हते. त्यांचे हात थरथरत होते, आणि तो बरा आहे ना, असं विचारत होते. तुमचं जेवण तुटलं, ते यातलंच.

आई, रस्त्यांची काळजी करू नकोस. इथली एक रीत सांगते, तिचं मला अजून नवल वाटतं. हायवेवर गाड्या रांगेत मुंगीच्या चालीनं सरकायला लागल्या, की सायरन ऐकू येण्याआधीच मधोमध एक मोकळी वाट काढतात. तिला रेटुंग्सगासे म्हणतात. इथं गाड्या उजवीकडून चालतात. सगळ्यात डावी रांग डाव्या कडेला सरकते, बाकी सगळ्या रांगा, दोन असोत की तीन, उजवीकडं. उजवा हात पालथा टेबलावर ठेव. अंगठा म्हणजे डावी रांग, चार बोटं म्हणजे बाकीच्या, आणि अंगठ्याशेजारच्या फटीतून अँब्युलन्स जाते. पुढं अपघात आहे की नुसती गर्दी, हे कुणाला माहीत नसतं, तरी वाट होतेच. न केल्यास किमान २०० युरो दंड आणि महिनाभर गाडी चालवायला बंदी. अँब्युलन्स कुणासाठी निघालीय, तो माणूस कसा आहे, हे वाट देणाऱ्याला कळायचा मार्गच नाही. वर इथं लायसन्सआधी प्रथमोपचाराचे पंचेचाळीस मिनिटांच्या नऊ तासिका कराव्याच लागतात, त्यात कुशीवर वळवणं येतं. इथल्या कायद्यात, शक्य असून मदत न करणं हा गुन्हा आहे. आपल्याकडं सरसकट तसं कलम नाही, पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर रस्ता अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या १३४ अ कलमाचं संरक्षण आहे. पोलिसांचं लचांड नको म्हणून दादानं कधी मागं सरू नये.

पैशाचं. या महिन्यात साठ हजार पाठवलेत. त्यातले पंधरा हजार बाजूला ठेवा. त्याचं आपल्याकडं तेवढं मुद्दल राहिलंय. गल्लीत म्हणत असतील, मेला, आता कुणाला द्यायचे? त्याच्या बायकोला द्या. फक्त मुद्दल, व्याज नाही, आणि सही केलेले कोरे चेक, स्टॅम्प पेपर परत घेऊन. दादाबरोबर तुम्ही स्वतः जा, आबा. तिला काय बोलावं सुचलं नाही तरी चालेल. काकांचा मळा परत मागण्याचा अर्ज मात्र सोडू नका, तो जिल्हा उपनिबंधकांकडं करायचा. तो मेला म्हणून मळा त्याचा होत नाही.

इचलकरंजीच्या स्थळाचं आई तीनदा म्हणाली. मुलाचा फोटो पाहिला. नाही म्हणत नाही, पण मेच्या आधी सुट्टी मिळणार नाही, त्यांना तसं स्पष्ट सांगा. दिवाळीलाही आले नाही, आता हेही. काय करू?

रविवारी तुमच्या दुपारी चारला व्हिडिओ कॉल करते. सोप्यात चटई घालून ठेवा. दादाला उताणा झोपवा, अंग सैल सोडायला सांगा, आणि आबा, तुम्ही त्याला माझ्यासमोर वळवून दाखवा. मग आईनं. उशी काढून ठेवा.

तुमची,
सुमी