अलार्म वाजतोय आणि सिस्टर कुठेय?

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पानावर एक पत्र आलं होतं, हार्टच्या वॉर्डात मॉनिटर वाजत राहतो आणि सिस्टर ढिम्म हलत नाहीत असं. मी स्वतः हार्टच्या वॉर्डात २१ वर्षं सिस्टर आहे त्यामुळे पत्र जरा लागलंच. पण खरं सांगू, त्या गृहस्थांचं अर्धं बरोबर आहे, म्हणून उरलेलं अर्धं मी लिहितेय.

एक काका होते, अ‍ॅटॅक येऊन दोन दिवस झालेले. सकाळी सहाला मॉनिटरवर एकदम व्हीटी, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यातून सुटलेले धोक्याचे ठोके, रुंद रुंद लाटा, लाल अक्षरं, कर्कश आवाज. मी हातातलं इंजेक्शन ट्रेमध्ये टाकून धावले तर काका पलंगावर बसून निवांत दात घासतायत. हात हलतो, त्याबरोबर छातीवरची चकती हलते, वायर हलते आणि मशीनला वाटतं हृदयच बिथरलं. काका तोंडातला फेस सांभाळत विचारतात, काय झालं हो सिस्टर! याच्या उलटही बघितलंय, स्क्रीनवर ७० चा आकडा, रेघ एकदम शिस्तीत आणि मानेला बोटं लावली तर नाडीच नाही. तिथे शॉकचा उपयोग नसतो, लगेच छाती दाबायला घ्यायची, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने. म्हणून नव्या मुलींना पहिल्या दिवशीच सांगते, आधी पेशंट बघ मग स्क्रीन.

आता हे फुकटचे अलार्म येतात कुठून? चकत्या तीन तीन दिवस बदललेल्या नसतात, जेल वाळलेलं असतं, घामाने कडा सुटलेल्या. किंवा अलार्मची लिमिट सगळ्यांना एकच ठेवलेली, खाली ५०, आणि ज्याचे ठोके झोपेत नेहमीच ४८ वर येतात तो रात्रभर वाजत राहणार. पेशंटप्रमाणे लिमिट ठरवून घेतली, कातडी पुसून कोरडी करून रोज नवीन चकत्या लावल्या की आवाज खूप कमी होतात. नाहीतर कान मरतात आमचे, हे कबूल करते, आणि मग खरा अलार्मही त्यातलाच एक वाटतो. नातेवाईकांनाही एक सांगायचंय, झोपमोड होते म्हणून स्वतः बटण दाबून आवाज बंद करू नका हो, आम्हाला हाक मारा.

पण खरी गोम सिस्टरांच्या संख्येत आहे. एएफ हा शब्द हल्ली बऱ्याच जणांना माहीत असतो, हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात आणि ठोके कसेही पडतात. अशा पेशंटची नाडी १५ सेकंद मोजून चारने गुणली तर आकडा साफ चुकू शकतो, पूर्ण मिनिट मोजावी लागते. तेही दोघींनी, एकीचा स्टेथोस्कोप छातीवर, दुसरीची बोटं मनगटावर, घड्याळ एकच. परवा एका आजींचे छातीवर ११८ आले आणि मनगटावर ९२, म्हणजे २६ ठोके मनगटापर्यंत पोचलेच नाहीत, मॉनिटर हे सांगत नाही. आता गंमत बघा, रात्री १६ पेशंटना आम्ही दोघीच, त्यामुळे ते एक मिनिट आम्ही आजींपाशी उभ्या आणि बाकी १५ जणांपाशी कोणी नाही. डिगॉक्सिनची, म्हणजे ठोके हळू करणारी गोळी देण्याआधीही असंच पूर्ण मिनिट छातीवर ऐकायचं असतं, मोठ्या माणसाचे ठोके साठच्या खाली असले तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचं. लघवीच्या इंजेक्शनने पोटॅशियम उतरतं आणि त्यानेही ठोके बिघडतात, तो रिपोर्ट आला की नाही यावर लक्ष ठेवणारीही सिस्टरच. ही मिनिटं ड्यूटीचा चार्ट लावताना कोणी धरत नाही.

१९६२ च्या सुमाराला हृदयरोग्यांसाठी वेगळे कोरोनरी केअर युनिट निघाले तेव्हा कळलं की नुसतं मशीन लावून भागत नाही. व्हीएफमध्ये, म्हणजे हृदयाचे खालचे कप्पे नुसते थरथरतात आणि रक्त पुढे जातच नाही तेव्हा, छाती दाबणं सुरू नसेल तर शॉकला उशीर होईल तशी वाचायची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घसरते, डॉक्टर येईपर्यंत थांबायला वेळच नसतो, म्हणून पलंगापाशी असलेल्या नर्सलाच ईसीजी वाचायला आणि शॉक द्यायला शिकवलं. ती पलंगापाशी असेल हे त्यात गृहीत होतं.

डिस्चार्जचं तर बोलायलाच नको. रक्त पातळ करायची गोळी कशी घ्यायची, रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन का करायचं, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच का कळवायचं, हे मी लिफ्टच्या दाराशी उभं राहून सांगितलंय, तेही घाईघाईत.

त्या पत्रलेखकांना विनंती, पुढची तक्रार मॅनेजमेंटकडे करा आणि सिस्टर कुठे होती याच्याबरोबर त्या रात्री किती सिस्टर होत्या आणि किती पेशंट, हेही लेखी मागा. आम्ही तीन वेळा मागून झालंय.

आपली,
हार्टच्या वॉर्डातली एक सिस्टर