आई, महालक्ष्म्याला मी अशीच येणार आहे

ती. आई आणि अण्णा,
सा. न.

अण्णा, हे तुम्हीच चष्मा लावून आईला वाचून दाखवा, राजूला वाचायला लावू नका. आणि आई, तू शेवटपर्यंत ऐक, मधीच उठून फोन लावू नको. फोनवर सांगायचं म्हणून मी तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा पाऊस पडला का अन् भाजी काय केली एवढंच बोलून ठेवून दिला, म्हणून शेवटी लिहायलीय.

आधी हे सांगते की घरात सगळे ठणठणीत आहेत. ह्यांना काही झालेलं नाही, लेकरं मजेत आहेत, मला कॅन्सर-बिन्सर काही नाही. रविवारी मी डोक्यावरचे सगळे केस काढून टाकले. ह्यांनीच मशीन फिरवली, बाल्कनीत स्टुलावर बसवून. आणि गौरीपुढं तुमच्याकडं येईन ती अशीच येईन.

आई, तुझा जीव कसा झाला असेल मला इथं बसून कळायलंय. सवाष्ण बाईनं असं करू नये हे तू मनात म्हणालीस ना? तुझ्या विधवा आजीचं लाल आलवण तू डोळ्यानं बघितलंय, ते तू एकदाच सांगितलंस आणि पुन्हा कधी काढलं नाहीस. म्हणूनच मला चार वर्षं तोंड उघडता आलं नाही. पण तिचे केस तिला न विचारता काढले होते. माझे मी काढले, आणि मशीन माझ्या नवऱ्याच्या हातात होती, आणि त्यांचे हात माझ्यापेक्षा जास्त थरथरायलेते.

चार वर्षं लपवलं, ही माझी चूक आहे, कबूल. आधी पाण्याचं कारण सांगायचे, मग टेन्शनचं सांगितलं. खरं तर आधी टाळूवर आग व्हायची, मिरची लागल्यासारखी, रात्री झोपेत खाजवून नखात रक्त यायचं. मग भांगाजवळ रुपयाएवढी जागा मोकळी झाली, मग दुसरी, मग दोन्ही मिळून एक. इथल्या एका डॉक्टरनं वर्षभर कोंडाच म्हणून शॅम्पू दिले, ते वर्ष वाया गेलं आणि ते वर्ष परत येत नाही, ह्याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही. पुढच्या डॉक्टर बाईंनी भिंगातून बघितलं आणि लगेच म्हणाल्या, तुकडा काढून तपासायचा. बधीर करून टाळूचा चार मिलीमीटरचा गोल तुकडा काढला, दोन टाके पडले. रिपोर्टात नाव आलं लायकेन प्लॅनोपिलॅरिस. नाव लक्षात ठेवू नका, काम समजून घ्या.

अण्णा, तुम्हाला रानाच्या भाषेत सांगते. पाऊस लांबला की रान करपतं, पण बी जित्तं असलं तर पुढच्या पावसाला उगवतं. बाईचे बहुतेक केस गळतात ते असेच गळतात. 2016 ला मी धाकट्याच्या बाळंतपणाला आले होते, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं, आणि आई तू त्या टंचाईत माझ्या डोक्यासाठी दोन घागरी झाकून ठेवायचीस अन् स्वतः तांब्याभर पाण्यात अंग पुसायचीस. मग मूठ मूठ केस गेले तेव्हा तू म्हणालीस ओल्या बाळंतिणीचे जातात, येतेत परत. आले. कारण मूळ शाबूत होतं. ह्या आजारात आपल्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी, ज्यांनी बाहेरच्या जंतूशी लढायचं, त्या केसाच्या मुळावरच तुटून पडतात. मूळ मरतं, तिथं व्रण भरतो, आणि केस ज्या भोकातून येतो ते भोकच बुजून जातं. कातडी गुळगुळीत, चकाकती. तिथं आता काही उगवत नाही, तेल नाही, शाम्पू नाही, कांद्याचा रस नाही, काही नाही.

म्हणून आई, बुलढाण्याच्या गावातली बातमी बघून तू फोन केलास, शेगावकडं लोकांचे केस चार दिवसात गेले आणि नंतर आले पण, तुझेबी येतेत, तेव्हा मी नुसतं हूं केलं. तो प्रकार वेगळा, माझा वेगळा. तू आशा लावून बसलीयस आणि मी ती रोज बघायलीय, ते मला डोक्यावरच्या जागेपेक्षा जास्त दुखतंय.

आता उपचार ऐका म्हणजे काळजी कमी होईल. औषध चालू आहे आणि लागू पण पडलंय. केस परत आणायला नाही, आग विझवायला, म्हणजे उरलेलं वाचावं म्हणून. टाळूला स्टिरॉइडचं मलम, महिना-सव्वा महिन्यानं टाळूत बारीक सुईची इंजेक्शनं, आणि कोरोनात टीव्हीवर जिचं नाव यायचं ती हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची गोळी. ती डोळ्याच्या पडद्याला त्रास देऊ शकते म्हणून सुरुवातीलाच डोळे तपासून घेतलेत आणि पुढंही तपासत राहायचे, मी हलगर्जी करणार नाही, शप्पथ. खाज आता जवळजवळ गेलीय. मी रात्रभर झोपते, आई. दोन वर्षांनी झोपायलीय. हा आजार कुणाला लागत नाही, लेकरांना माझा कंगवा लागला तरी काही होत नाही, हे शेजारच्या काकूंना पण सांग, त्या विचारतीलच.

मग केस का काढले? कारण उरलेल्या केसांनी ती जागा झाकण्यात माझे रोज पंचेचाळीस मिनिटं जायची, पिना, पावडर, स्प्रे, आणि वारा आला की जीव मुठीत. बँकेत पंख्याखाली बसत नव्हते मी, मे महिन्यात, संभाजीनगरच्या उन्हात! केसांचा टोप पण घेऊन बघितला, घामानं आत सगळं चरचरायचं, डॉक्टर म्हणाल्या गरम होईल असं काही नको. मशीन फिरवल्यानं आजार वाढत नाही आणि बराही होत नाही, हे मी आधी विचारून घेतलं. मलम मात्र आता नीट पोचतं. केस लावून घ्यायचं ऑपरेशन करता येतं का हे पण विचारलं, आजार एक-दोन वर्षं पूर्ण शांत राहिला तरच त्याचा विचार, नाहीतर लावलेले पण जातात. म्हणजे सगळं विचारून, तपासून केलंय, घाईत नाही केलं.

आणि माझी सोय काय म्हणशील तर सगळी आहे. सुती टोप्या दोन शिवून घेतल्यात, ऊन असलं की डोक्याला क्रीम लावते, गाडीवर आत पातळ रुमाल बांधते. जेवण वेळेवर आहे. लेकीनं पहिल्या दिवशी डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली मांजरासारखं लागतंय, मग दिवसभर फिरवत बसली.

आई, तुला ती दिवळी आठवते का, न्हाणीघराशेजारची? विंचरून झालं की गळालेला गुंता तू बोटाला गुंडाळून त्यात कोंबायचीस, आणि केसावर भांडी देणारी बाई आली की तिच्यापुढं सगळा ढीग मांडून घासाघीस करायचीस. ती काठाला चेमटलेली स्टीलची वाटी माझ्या केसांची म्हणून मी त्यातच वरण खायचे. ह्या चार वर्षांत माझे गुंते मी कॅरीबॅगमध्ये बांधून रात्री कचराकुंडीत टाकून यायचे, कुणी बघू नये म्हणून. एकदा गाठ सुटली आणि जिन्यात सगळे सांडले. मी तिथंच पायरीवर बसून वेचले. त्या दिवशी तुला फोन करायला पाहिजे होता.

आणि तुझं माक्याचं तेल. कंडक्टरच्या हाती पाठवलेल्या नऊ बाटल्या देवघराखालच्या कप्प्यात आहेत, सगळ्या भरलेल्या. लावते म्हणाले ते खोटं होतं. एकही टाकली नाही, टाकवत नाही. दहावी पाठवू नको, राहिलेलं तुझ्या गुडघ्याला लाव, अण्णांच्या तळपायाला चोळ.

आता जे सांगायलीय ते ऐकावंच लागेल. बारशाच्या फोटोत तुझं कपाळ मला मोठं दिसलं. मी मोठं करून बघितलं, कानाजवळची बारीक लव नाही, भुवया अर्ध्या गेल्यात. तू म्हणतेस वयानं, कुंकवानं. असेल वयानं. पण माझ्याच आजाराचा एक चुलत भाऊ आहे, पाळी गेलेल्या बायकांना कपाळाच्या वरून केस मागं सरकवत नेणारा, कधी कधी भुवयांपासून सुरू होणारा. 1994 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका डॉक्टरनं अशा सहा बायकांबद्दल पहिल्यांदा लिहिलं, असं आमच्या डॉक्टर बाई सांगत होत्या, आणि एकाच घरात दोघींना पण होतो. मी डॉक्टर नाही, नसेलही. पण माझ्यासारखं वर्ष वाया नको जायला. मी येणार त्याच्या दुसऱ्या सोमवारची वेळ घेऊन ठेवलीय, लातूरलाच, अण्णा तुम्ही आईला घेऊन यायचंय, मी तिथं असेन. तोवर गावठी औषध नाही, लेप नाही, कुणी सांगितलेली कसली मुळी नाही. अण्णा, बीपीची गोळी चुकवलीत तर मला कळतं, राजू सांगतो.

तुळजापूरला माझ्या केसांसाठी नवस बोललीयस ते मला माहीत आहे, आत्यानं सांगितलं. तो फेडायला मी येते, ओटी भरू, परड्या भरू. पण आईभवानीकडं केस मागू नको आता, तुझे गुडघे माग.

गौरीचं एवढंच. जेवणावळीला पाहुण्यांसमोर मी पदर घेईन, तुझ्यासाठी, मला त्याचं काही वाटत नाही. घरात उघडीच राहीन. सवाष्णीच्या पाटावर बसवायचं का नाही ते तू ठरव, नाही बसवलंस तर मी रुसणार नाही. पण मुखवट्यांना गंगावण लावून वेणी मी लहानपणापासून घालते, ज्येष्ठेची पण आणि कनिष्ठेची पण, ती दुसऱ्या कुणाला घालू देऊ नको. गजरे मी इथूनच आणते, तिकडं महाग असतील. बस अंबाजोगाईला थांबली की फोन करते, अण्णा, तुम्ही स्टँडवर उन्हात येऊन उभे राहू नका.

तुमची
बबी