साथीत गेलेल्या पत्रकारांच्या नोकऱ्या

महोदय,

करोनाच्या साथीने वृत्तपत्रांवर आणलेल्या संकटाची चर्चा आता मागे पडली असली, तरी त्यात ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांचा प्रश्न सुटलेला नाही. मार्च २०२०च्या अखेरीस मुंबईत अंकांचे वितरण थांबले. एप्रिलमध्ये राज्य सरकारने छपाईला मुभा दिली, पण घरोघरी अंक टाकण्यास मनाई केली आणि ती मुंबई-पुण्यात जूनपर्यंत टिकली. अंकाच्या किमतीतून उत्पादनखर्च भरून निघत नसल्याने हा व्यवसाय जाहिरातींवर चालतो, आणि दुकानेच बंद असताना जाहिरात देणार कोण? मालकांची अडचण खरी होती, हे मान्यच आहे.

परंतु तिचा भार उपसंपादक, छायाचित्रकार आणि तालुक्यांतील वार्ताहर यांच्यावर पडला, तोही बहुधा राजीनामे लिहून घेऊन. याच एप्रिलमध्ये मुंबईत झालेल्या तपासणीत ५०हून अधिक पत्रकार बाधित आढळले होते, म्हणजे जिवावर उदार होऊन वार्तांकन करणाऱ्यांच्याच वेतनाला कात्री लागली. पत्रकार संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, न्यायालयाने नोटीसही काढली. पण कंत्राटावर नेमलेल्यांना १९५५च्या श्रमिक पत्रकार कायद्याचे संरक्षण प्रत्यक्षात कितपत मिळाले? तालुक्याच्या वार्ताहराला तर अनेकदा वेतनच नसते. त्याने मिळवलेल्या जाहिरातींवरील कमिशन हीच त्याची कमाई, आणि ती पहिल्याच महिन्यात आटली.

सरकारी जाहिराती देताना संबंधित वृत्तपत्राने कर्मचाऱ्यांची थकीत देणी चुकती केली आहेत का, हे शासनाने तपासावे, अशी माझी मागणी आहे.

– एक वाचक, सांगली