सुपरव्हिजनचे पैसे वाचवू नकोस

पुणे

प्रिय मेधा,

नाशिकला समुपदेशनासाठी स्वतःची खोली घेतलीस, पाटी लागली, काकूंनी नारळ फोडला, वाचून फार बरं वाटलं. पण शेवटी सहज लिहून गेलीस, 'सुपरव्हिजन सध्या थांबवतेय, आधी भाड्याचं जमू दे.' आपल्या केसेस अनुभवी थेरपिस्टसमोर नियमित मांडायच्या, तेच थांबवतेस? यावरून मी तुझ्याशी भांडणार आहे.

एक बाई माझ्याकडे येतात (तपशील बदललेत). नवरा गेल्याचं सांगतानाही हसतात. ही केस माझ्या सुपरव्हायझर ताईंसमोर मांडत होते, तर त्या म्हणाल्या, "थांब. तूही हसतेयस." खरंच की! मग बराच वेळ त्या हसण्यावरच बोललो. रडणं नकोसं कोणाला झालंय, त्यांना की मला? क्लायंट आणि थेरपिस्टमध्ये चाललेलं थेरपिस्ट आणि सुपरव्हायझरमध्येही उमटतं, हे हॅरॉल्ड सर्ल्स या अमेरिकन मनोविश्लेषकाने १९५५ मध्येच मांडलंय. परीक्षेपुरतं पाठही केलं होतं आपण. पण एकटीने नोट्स चाळून मला ते सात जन्मांत दिसलं नसतं. नोट्समध्ये हसू उतरतच नाही गं.

आणि हे फक्त शिकाऊंसाठी असतं असं म्हणू नकोस. ब्रिटनमध्ये बीएसीपी या समुपदेशकांच्या संस्थेच्या अॅक्रेडिटेड (मान्यताप्राप्त) सभासदाला महिन्याला किमान दीड तास सुपरव्हिजन घ्यावंच लागतं, केस पिकले तरी. आपल्याकडे आरोग्य व्यावसायिकांसाठीच्या २०२१ च्या कायद्यात समुपदेशकांचा उल्लेख आला खरा, पण दाराआड आपण काय करतो हे विचारायला कोण येतंय? म्हणून तर आपणच कोणाला तरी विचारायला लावायचं.

महिन्यातून एकदाच घे, पण बंद करू नकोस. ग्रुपमध्ये घेतलंस तर स्वस्त पडेल. मैत्रिणींचा गट जरूर कर, पण त्यावरच भागवू नकोस. आपण एकमेकींची पाठ फार थोपटतो. अर्धवेळ नोकरीतल्या मॅडमना तर मुळीच सुपरव्हायझर करू नकोस. ज्या तुझी पगारवाढ ठरवतात, त्यांच्यापुढे तू फसलेली केस काढशील का? आणि संमतीपत्रात पहिल्याच दिवशी लिही की नाव न सांगता केसवर सुपरव्हायझरशी चर्चा होते. कोणी आत्महत्येचं बोललं तर मात्र पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी सुपरव्हायझरला फोन करायचा.

ताईंशी बोलले आहे. त्यांच्या ऑनलाइन ग्रुपमध्ये एक जागा आहे, फीचं बघू म्हणाल्या. रविवारपर्यंत हो-नाही कळव, नाहीतर जागा जाईल.

काकूंना नमस्कार.

तुझी,
सुनीता