सिरोंचा मार्गावर आधी नाल्यांचे पूल बांधा

मा. संपादक,
स. न.

साकोलीहून निघणारा ३५३-सी हा राष्ट्रीय महामार्ग वडसा, आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी, आष्टी, आलापल्ली असा सिरोंचाला येतो आणि गोदावरी ओलांडून तेलंगणात शिरतो. नकाशात ही रेघ सलग आहे. प्रत्यक्षात पावसाळा लागला की आलापल्लीच्या खाली ती तुटते आणि सिरोंचा तालुका आपल्याच जिल्ह्यापासून अलग पडतो.

आमच्या तालुक्याला प्राणहिता, गोदावरी आणि इंद्रावती अशा तीन मोठ्या नद्यांचा वेढा. तिन्हींवर पूल झाले, तेलंगण आणि छत्तीसगड जवळ आले, याचे समाधान आहेच. आम्हाला अडवतात ते आलापल्ली-सिरोंचा या सुमारे १०० किलोमीटरच्या जंगलपट्ट्यातले नाले! पुलाचे काम काढले की शेजारून मुरमाचा वळणरस्ता टाकतात आणि त्याखाली मोजके सिमेंटचे पाइप. पहिल्या जोरदार पावसात पालापाचोळा, ओंडके, बांबू पाइपांच्या तोंडाशी तुंबतात, पाणी वरून वाहू लागते आणि बघता बघता मुरूम खचतो. एसटी काठावर उभी राहते. कुणीतरी हातात काठी घेऊन पाण्यात उतरतो, किती खोल आहे ते चाचपतो आणि मान हलवून परत फिरतो. मागे गाड्यांची रांग लागते. त्या रांगेत १०८ असली तर तिलाही वाट नसते.

जिल्हा रुग्णालय येथून २०० किलोमीटरवर. त्यामुळे अडलेली बाळंतीण असो की अपघात, लोक पदरचे पैसे मोडून मंचेरियल नाहीतर वारंगल गाठतात. पण जातपडताळणी, जिल्हाधिकारी कार्यालयातले काम यासाठी तेलंगणात जाऊन कसे चालेल? १९८२ साली चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तरी दक्षिण टोकाच्या माणसाला पावसाळ्यात मुख्यालय दूरच आहे. आष्टी-आलापल्ली भागात सुरजागडच्या खनिजाचे ट्रक धावतात म्हणून तिथल्या खड्ड्यांची चर्चा तरी होते. आमच्या बाजूला तेवढेही लक्ष जात नाही.

वनविभागाच्या परवानगीचे कारण आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो. हे सागवान आम्हालाही जिवाभावाचे आहे, आणि चौपदरी रस्ता येथे कुणी मागितलेला नाही. आहे त्याच रस्त्यावर नाल्यांचे पूल पुराच्या पातळीच्या वर घेतले, तर जंगलाला फारसा हात लावावा लागणार नाही. काँक्रीट, रुंदीकरण मागाहून होऊ द्या.

संबंधित विभागाने कोणता पूल कधी पुरा होणार याची यादी तहसील कार्यालयात लावावी. पावसाळ्यात प्रत्येक वळणरस्त्यापाशी जेसीबी आणि मुरमाचा साठा तयार ठेवावा. पाऊस उघडताच कामे सुरू करावीत, आणि मे संपेपर्यंत जो पूल पुरा होणार नाही त्याचा जुना रपटा (पाण्याच्या पातळीलगतचा ठेंगणा पूल) तोडूच नये.

– एक वाचक, सिरोंचा, जि. गडचिरोली